वसंतातलं पक्ष्यांचं स्थलांतर बागेत बघायचंय? एवढंच करा

पक्षी बघायला वसंतात सुरुवात करत असाल, तर वेळ अगदी योग्य आहे! बरेचसे छोटे गाणारे पक्षी रात्री प्रवास करतात आणि उजाडताना दिसेल त्या हिरवळीवर उतरतात. सगळीकडे इमारती असल्या की बागच भरते. उतरल्यावर ते भुकेले असतात, म्हणून सकाळचे पहिले दोन-तीन तास सोडू नका. रात्री पाऊस झाला असेल तर नक्कीच जा.

दुर्बीण ८×४२ची (आठपट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ४२ मिमीचं) पुरे. पक्ष्यावरची नजर न हलवता ती डोळ्यांना लावायची, याचा सराव आधी खिडकीतून करा.

नवखे हमखास करतात त्या चुका:

- पक्षी समोर असताना पुस्तक किंवा ॲप उघडणं. आधी चोच, भुवईची रेघ, पंखावरचे पट्टे, शेपटीची हालचाल डोळ्यांत साठवा. पक्षी थांबत नाही, पुस्तक थांबतं.
- सगळी बाग पालथी घालणं. पाणी किंवा फुललेलं झाड गाठून शांत उभे राहा.
- रेकॉर्डिंग वाजवून पक्षी बोलावणं. हे अजिबात नको. पुढच्या प्रवासासाठी त्याला खाऊन चरबी साठवायची असते.

बागेतले रोजचे पक्षी आधी पक्के करा, पाहुणा मग लगेच वेगळा दिसतो. आवाजावरून ओळखणं पुढच्या मोसमात बघू.