धोम धरणात स्वतःच्या बोटीतून खोल पाण्यातली खडकाळ, माशांची जागा कशी शोधायची?

बोट पाण्यात ढकलायच्या आधी एप्रिल-मेमध्ये वाईवरून धोमला जा आणि नुसते काठाने फिरा. पाणी उतरलेलं असतं, तेव्हा जुन्या ओढ्यांचे काठ, शेतांच्या ताली, खडकांचे सुळके उघडे पडतात. फोनमध्ये फोटो आणि लोकेशन दोन्ही घ्या. धरण भरलं की मासा याच जागांच्या आडोशाला येतो. माझ्या मते कुठल्याही यंत्रापेक्षा ही एक फेरी जास्त कामाची.

फिशफाइंडर (ध्वनिलहरींनी तळ आणि मासे पडद्यावर दाखवणारं यंत्र) असेल तर माशांच्या खुणांपेक्षा तळाची रेघ बघा. खडक असेल तर रेघ जाड, ठळक येते, बऱ्याचदा खाली दुसरी रेघही उमटते. गाळावर ती फिकट दिसते. यंत्र नसेल तर दोरीला शिसं बांधून सोडा: खडकावर ‘टक्’ असा झटका हाताला कळतो, गाळात शिसं रुतून बसतं, ओढताना जड लागतं.

जागा सापडली की ती पुन्हा सापडावी म्हणून काठावरच्या खुणांच्या दोन जोड्या धरा. जवळच्या कमळगड किल्ल्याचा माथा आणि काठावरचं एखादं झाड एका रेषेत, तशीच दुसरी जोडी बाजूला. नांगर जागेपासून वारा येतो त्या अंगाला टाका, म्हणजे बोट सरकून बरोबर जागेवर येते.

उन्हाळ्यात अगदी तळाशी गळ सोडू नका. तिथं प्राणवायू कमी, मासा मधल्या थरात असतो.

आणि हो, मासेमारी ठेक्यानं दिलेली असते. ठेकेदाराला आणि बोटीसाठी जलसंपदा विभागाच्या कार्यालयात आधी विचारा. लाइफ जॅकेट घालूनच बसा.