इन्सुलिन नव्याने सुरू झालंय आणि गाडी चालवायचीय?

चालवा, बिनधास्त चालवा. फक्त किल्ली फिरवण्याआधी साखर तपासा. ९० मिग्रॅच्या खाली असेल तर आधी थोडं खा. ७० च्या खाली असेल तर गाडी नकोच. लांबच्या प्रवासात दर दोन तासांनी पुन्हा तपासा. (नुसतं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांची साखर सहसा अशी घसरत नाही. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी मात्र हे पाळायचंच.)

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- ग्लुकोज डिकीतल्या बॅगेत. ते बसल्या जागी हाताला लागायला हवं.
- "पोचल्यावर खाऊ." साखर उतरली की निर्णयशक्तीही मंदावते, त्यामुळे आपण ठीक आहोत असंच वाटत राहतं.
- चॉकलेट खाणं. त्यातल्या चरबीमुळे साखर रक्तात उशिरा पोचते.
- दंडावरच्या साखर मोजणाऱ्या सेन्सरवर डोळे झाकून विश्वास. साखर झपाट्याने घसरताना तो काही मिनिटं मागे असतो. शंका आली की बोट टोचा.

हात थरथरले, घाम फुटला, समोरची पाटी दोनदा वाचावी लागली, तर गाडी सुरक्षित जागी कडेला घ्या, इंजिन बंद करा, किल्ली काढा, चालकाच्या जागेवरून उठा. साधारण १५ ग्रॅम ग्लुकोज घ्या, म्हणजे ४ ग्रॅमच्या चार गोळ्या. १५ मिनिटांनी तपासा; अजून ७० च्या खाली असेल तर तेवढंच पुन्हा. आकडा ९० च्या वर गेला तरी लगेच निघू नका. मेंदू ताळ्यावर यायला वेळ लागतो, म्हणून त्यानंतर ४५ मिनिटं थांबा.

डोस कमी-जास्त करण्याचं सध्या डॉक्टरांवर सोडा.