शंकू राहू दे, परात घे

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र वाचून मी अस्वस्थ झाले. यावलच्या उपचार केंद्रात पेगबोर्ड, म्हणजे खुंट्या खोचायची भोकांची पाटी नाही, थेरपी पुट्टी, म्हणजे बोटांनी दाबायचा मऊ गोळा नाही, म्हणून काम अडले आहे, आणि आहेत ते प्लास्टिकचे शंकू लकवा झालेल्या आजी हातातही घेत नाहीत, असे तू लिहितेस. त्यांचे काय चुकले? ज्या बाईने जन्मभर भाकरी थापली, तिने शंकूवर शंकू कशासाठी रचावा?

त्यांच्या घरी जा आणि त्यांचीच परात पुढे ठेव. कळण्याचे (ज्वारी-उडदाचे) पीठ आधी सैल भिजव, हात सुधारेल तसे घट्ट करत जा. परातीखाली ओले फडके घाल, म्हणजे ती सरकणार नाही. लकव्यानंतर बोटे मुठीत वळू लागतात, आणि भाकरी थापताना नेमका तळवा उघडावा लागतो, बोटे सरळ करावी लागतात. अशा हाताला दिवसभर रबरी चेंडू दाबायला देणाऱ्यांनी याचा जरा विचार करावा. सुरुवातीला बरा हात अधू हातावर ठेवून थापू दे. मात्र स्पर्शाची जाणीव परतलेली नसेल, तर त्यांना तव्याजवळ मुळीच बसवू नकोस.

घरातली कोणतीही वस्तू चालेल, असे मात्र समजू नकोस. वस्तू त्या माणसाच्या रोजच्या कामातली हवी. केळीच्या झाडांना आधाराची दोरी बांधणाऱ्या माणसाला वाटाणे सोलायला दिलेस, तर तेही शंकूच झाले. त्याला दोरी दे, गाठ मारू दे. कापूस वेचणारीला बोंड दे: एका हाताने बोंड धरायचे, दुसऱ्या हाताचा अंगठा आणि बोटे जुळवून कापूस ओढायचा, म्हणजे दोन्ही हात आपोआप कामाला लागतात.

हा दुय्यम उपचार आहे, असा तुझा सूर दिसतो, त्याचा मला राग येतो. कमलाबाई निंबकरांनी १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात व्यवसायोपचाराचे (ऑक्युपेशनल थेरपीचे, म्हणजे कामातून उपचार करण्याचे) शिक्षण सुरू केले, त्याच्या कितीतरी आधीपासून हे शास्त्र विणकाम, वेतकाम, सुतारकाम अशा खऱ्या कामांवरच उभे आहे. माझ्या उपचाराच्या खोलीतले सूप आणि पाटा पाहून ‘हे स्वयंपाकघर आहे का?’ असे मलाही ऐकवले गेले. मी हट्ट सोडला नाही, आणि तो योग्यच होता, कारण महागडी साधने जळगावात राहतात आणि रुग्ण सातपुड्याच्या पायथ्याशी आपल्या गावी परततो. एसटीचे भाडे आणि बुडणारी मजुरी परवडत नाही म्हणून कितीतरी जण दुसऱ्यांदा आलेच नाहीत, ही सल माझ्या मनात अजून आहे.

साधनांच्या मागणीचा अर्ज खुशाल पाठव. त्याआधी आजींच्या सुनेला विचार, आजारापूर्वी सकाळी उठल्यापासून त्या काय काय करत असत, आणि ते मला सविस्तर लिही. भाकरी वाकडी झाली, वेळ लागला, तरी त्यांच्या हातातून पीठ काढून घेऊ नकोस, असेही तिला बजाव.

कळावे.