देगलूरला दवाखाना काढताना भाषा किती याव्यात?

पुण्यात शिकून आपण तेलंगणा-कर्नाटकच्या सीमेजवळच्या देगलूरला (जि. नांदेड) दवाखाना काढत आहात आणि मराठी-हिंदीवर भागेल का, अडले तर सोबतचे नातेवाईक सांगतीलच ना, असे आपण विचारले आहे. याच भागात मी तीस वर्षे फॅमिली डॉक्टर म्हणून काम करते आहे. माझ्या मते भागत नाही, आणि नातेवाइकांच्या सांगण्यावर तर मुळीच विसंबू नये.

१९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. १९५६ साली तो भाषेनुसार तीन राज्यांत वाटला गेला, तरी सोयरिकी तेलुगू मुलखातल्या मद्नूरकडे आणि कानडी मुलखातल्या बीदरकडे होतच राहिल्या. माझे वडील उर्दूतून शिकलेले आणि आई बीदरकडची, त्यामुळे घरात मराठी, उर्दू आणि कानडी तिन्ही चालत. तेलुगू मात्र मी रुग्णांकडूनच शिकले.

सुरुवातीच्या वर्षांत आठवा महिना लागलेली एक सून आली. नवरा म्हणाला, "मॅडम, अशक्तपणा हाय, टॉनिक लिहून द्या." ती मात्र कपाळ धरून हळूच तेलुगूत "तल नोप्पी" म्हणत होती आणि डोळ्यांपुढे हात हलवून "मसक, मसक". डोके दुखत होते, अंधुक दिसत होते. रक्तदाब मी तसाही मोजलाच असता, आणि तो १७०/११० निघाला. पण झटके येण्याचा धोका किती जवळ आला आहे, हे मला त्या शब्दांनी सांगितले. झटके रोखणारे मॅग्नेशियम सल्फेटचे इंजेक्शन देऊन तिला लगेच नांदेडला रवाना केले. नवरा खोटे बोलला नव्हता. त्याला जे महत्त्वाचे वाटले तेवढेच त्याने सांगितले. अंगावरून पांढरे जाते, ही तक्रार तर सासू किंवा मुलगा मध्ये असला की बाई तोंडातून काढतच नाही.

सगळी भाषा येण्याची गरज नाही. आधी दुखणे, जळजळ, चक्कर, लघवी आणि दिवस-वेळ यांचे शब्द घ्यावेत. उर्दूतला "कल" म्हणजे काल आणि उद्याही, म्हणून मी गोळीचा दिवस वाराचे नाव घेऊनच सांगते. तेलुगूत काल म्हणजे निन्न आणि उद्या म्हणजे रेपु. कानडीत निन्ने आणि नाळे. "कलेजे में जलन" म्हणणाऱ्याला आधी हात ठेवून जागा दाखवायला सांगावे. तो हात कधी छातीवर जातो, कधी पोटावर. आपली मराठीही इथे वेगळी ऐकू येईल: "पोट दुखूलालंय" म्हणणाऱ्या आजोबांना शब्द दुरुस्त करून देऊ नका. टेबलावर एक वही ठेवा आणि रुग्णाचा शब्द त्याच्याच उच्चाराने लिहून घ्या. माझी अशी चौथी वही सध्या चालू आहे.