दुकानात, पेट्रोल पंपावर हेल्मेट काढायला सांगतात. कायद्याने काढावंच लागतं का?

मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ दुचाकीवर असताना हेल्मेट घालायला सांगतं. दुकानात काढण्याबद्दल त्यात अवाक्षर नाही. पण दुकान खासगी जागा. सराफाकडे किंवा बँकेत कॅमेऱ्यात चेहरा दिसावा म्हणून सांगतात, तिथे वाद न घालता काढा. नुसती काच वर करून भागत नाही, फुल-फेसमध्ये तोंड-हनुवटी झाकलेलीच राहते. खाली रुमाल असेल तर तोही उतरवा. पंपावर हा हट्ट जरा अतीच, गाडीचा नंबर दिसतोच की. (महाराष्ट्रात २०१६ साली उलट ‘हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही’ अशी घोषणा झाली होती!)

रोजचाच त्रास असेल तर हनुवटीचा भाग वर उचलला जाणारं फ्लिप-अप हेल्मेट घ्या. चष्मा आधी काढा, नाहीतर काडी वाकते. काढलेलं हेल्मेट आरशावर अडकवू नका. टोकाने आतलं थर्माकोल दबतं.