आईच्या गोळ्यांचा डबा

प्रश्न : माझी आई ५४ वर्षांची. गेली १८ वर्षं बायपोलरसाठी (मन कधी अति उत्साही, कधी खूप उदास होण्याचा आजार) लिथियमच्या गोळ्या घेते. चार वर्षांपूर्वी थायरॉइड निघालं, गेल्या वर्षी आमवात. प्रतिकारशक्तीच्या जनुकांमुळे बायपोलर होतो असं वाचलं, तेव्हापासून वाटतंय, सगळ्याचं मूळ एकच का? मी २६ वर्षांची, घरात माझ्या लग्नाचं बघताहेत. जनुकांची तपासणी करून घेऊ का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : नका करू. त्या तपासणीतून तुम्हाला हवं ते उत्तर मिळणार नाही.

तुम्ही वाचलंत ते अगदीच खोटं नाही. सहाव्या गुणसूत्रावर प्रतिकारशक्तीच्या जनुकांची दाटी आहे. आपलं कोण, परकं कोण हे शरीर त्यांच्याच आधारे ओळखतं. २०२१ मध्ये बायपोलरच्या ४१ हजारांहून जास्त रुग्णांचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आजाराशी जोडलेल्या ६४ जागा सापडल्या आणि त्यातली एक या दाटीत होती. पण अशा प्रत्येक जागेचं वजन किरकोळ. त्यावरून ‘तुला होणार’ किंवा ‘होणार नाही’ असं कुणीच सांगू शकत नाही. आईला बायपोलर असेल तर मुलांना होण्याचा धोका साधारण १०० मध्ये ५ ते १०. म्हणजे ९० ते ९५ जणांना होत नाही. स्थळाशी बोलताना आईचा आजार लपवू नका, हे आकडेच सांगा.

थायरॉइडचं म्हणाल तर ते लिथियममुळेही मंदावतं. त्यासाठी जनुकांपर्यंत जायला नको.

मला काळजी वाटली ती पत्रातल्या ‘आमवात’ या शब्दाने. सांधे दुखतात म्हणजे आई काहीतरी गोळी घेत असणार.

दहाएक वर्षांपूर्वी माझ्याकडे एक शिक्षिका यायच्या. कप हातात घेतला की बशी वाजायची. लिथियमने हात थोडे थरथरतातच, म्हणून मी तिकडे फारसं लक्ष दिलं नाही. आठवडाभरात त्यांचा तोल जाऊ लागला, जीभ जड झाली. नवऱ्याने घरचा स्टीलचा डबा माझ्या टेबलावर उपडा केला. लिथियमच्या पट्ट्यांखाली गुडघ्यांसाठी मेडिकलमधून आणलेली डायक्लोफेनॅक या वेदनाशामक गोळीची अर्धी पट्टी होती. रक्तातलं लिथियम २.१ निघालं; आम्ही ते ०.६ ते १ च्या दरम्यान ठेवतो. त्या बऱ्या झाल्या. पण मी आधी विचारायला हवं होतं, हे मला आजही बोचतं. तेव्हापासून मी ‘काय काय घेता?’ असं विचारत नाही, ‘डबा घेऊन या’ म्हणते.

डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्यांनी मूत्रपिंडातून लिथियम बाहेर पडणं कमी होतं आणि ते रक्तात साचत जातं. आमवातासाठी स्टेरॉइड दिलं असेल तर दुसरीच भीती : त्याने काहींचा मेनिया, म्हणजे बायपोलरमधला अतिउत्साहाचा झटका, उसळतो. आई तीन तास झोपून पहाटे चारला ताजीतवानी भांडी घासायला लागली, बोलणं थांबेना, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. स्टेरॉइड मात्र आपल्या मनाने बंद करू नका, तेही धोक्याचं.

प्रतिकारशक्तीच्या जनुकांची एक तपासणी मी स्वतः लिहून देते, पण ती आजाराचं भाकीत करण्यासाठी नव्हे. कार्बामाझेपिन हे औषध बायपोलरमध्येही वापरतात. एचएलए-बी या प्रतिकारशक्तीच्या जनुकाचा १५:०२ हा प्रकार अंगात असेल तर त्या औषधाने कातडी सोलवटून निघण्याइतकी भयंकर प्रतिक्रिया येऊ शकते. तैवानमधल्या संशोधकांनी २००४ मध्ये हे दाखवलं. भारतीय रुग्णांतही ते आढळलं आहे. आईचं औषध बदलून कधी हे द्यायचं ठरलं, तर त्याआधी या तपासणीबद्दल जरूर विचारा.

लिथियमची शेवटची तपासणी कधी झाली, हे तुम्ही लिहिलेलं नाही. या आठवड्यातच करून घ्या. रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी, सकाळची गोळी घ्यायच्या आधी रक्त द्यायचं. मग तो रिपोर्ट आणि डबा घेऊन मनोविकारतज्ज्ञ आणि आमवाताचे डॉक्टर, दोघांकडेही जा.