कॉकपिटच्या स्क्रीन सुधारताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : संगणकावर विमान उडवण्याच्या मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२० या खेळात (सिममध्ये) सेस्ना १७२ हे छोटं विमान उडवतो. जी१००० या कॉकपिटमधल्या डिजिटल स्क्रीनवरची बारीक अक्षरं पुसट दिसतात आणि उंची बदलताना आकड्यांमागे सावली ओढली जाते. स्क्रीन ठळक करणारा मॉड (सिममध्ये बदल करणारी जोड-फाइल) टाकू का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आधी दोष कुठे आहे ते पाहा, कारण या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. उजवी ऑल्ट की धरून पीएफडीवर (उंची, वेग दाखवणाऱ्या मुख्य स्क्रीनवर) क्लिक करा, म्हणजे ती स्क्रीन स्वतंत्र विंडोत उघडेल. विंडो मोठी करा. तिथे अक्षरं स्वच्छ असतील आणि कॉकपिटमध्येच पुसट असतील, तर मॉडचा काही उपयोग नाही. दोष ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये आहे.

सावली बहुतेक वेळा डीएलएसएसमुळे पडते. लहान चित्र मोठं करून दाखवणारं हे तंत्र आधीच्या फ्रेम (एकामागून एक येणारी चित्रं) वापरून नवी फ्रेम पूर्ण करतं. दृश्यातली कोणती वस्तू कुठे सरकली हे त्याला कळवलं जातं, पण स्क्रीनच्या आत आकडा बदलला हे कळवलं जात नाही. म्हणून जुना आकडा क्षणभर मागे राहतो. शिवाय २५६० बाय १४४० च्या मॉनिटरवर डीएलएसएस 'क्वालिटी'ला ठेवलं तरी मूळ चित्र सुमारे १७०७ बाय ९६० चंच असतं. डीएलएसएसऐवजी टीएए (कडा गुळगुळीत करण्याची दुसरी पद्धत) निवडा, रेंडर स्केलिंग १०० ठेवा, म्हणजे चित्र पूर्ण आकारात तयार होईल, आणि पुन्हा बघा. दर सेकंदाच्या फ्रेम कमी होतील, तेव्हा ढग आणि टेरेनचा (जमिनीचा) तपशील एकेक पायरी खाली आणा. उपकरणांवर उडणाऱ्याला ढगांपेक्षा आकडे महत्त्वाचे.

आकडे पुसट नसून अडखळत बदलत असतील, तर 'ग्लास कॉकपिट रिफ्रेश रेट' मीडियम किंवा हायवर न्या. या स्क्रीन एचटीएमएल आणि जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेल्या असतात आणि त्यांचा भार मुख्यतः प्रोसेसरवर पडतो. डेव्हलपर मोडमधल्या एफपीएसच्या (दर सेकंदाच्या फ्रेमच्या) चौकटीत 'लिमिटेड बाय मेनथ्रेड', म्हणजे प्रोसेसरच कमी पडतोय, असं दिसत असेल, तर हाय करू नका.

प्रश्न : वेगळ्या विंडोतही अक्षरं फुटतात. पॅनेल फाइल बदलली, तरी फरक नाही. (एक वाचक, सांगली)

उत्तर : मग टेक्श्चरच (स्क्रीनवर दाखवलं जाणारं मूळ चित्र) लहान आहे आणि पॅनेल डॉट सीएफजी (स्क्रीनचा आकार ठरवणारी फाइल) बदलणं योग्यच. मात्र 'ऑफिशियल' फोल्डरमधली फाइल बदलू नका, पुढच्या अपडेटमध्ये ती पुसली जाईल. कम्युनिटी फोल्डरमध्ये (मॉड ठेवायच्या जागी) स्वतःचं छोटं पॅकेज करा. त्यात मूळ विमानासारखाच मार्ग हवा : सिमऑब्जेक्ट्स, एअरप्लेन्स, विमानाचं फोल्डर, पॅनेल. एका अक्षराचा फरकही चालत नाही. मूळ फाइलची प्रत तिथे ठेवा.

फाइलमध्ये 'व्हीकॉकपिट' नावाचे विभाग दिसतील. प्रत्येकात साइझ एमएम, पिक्सेल साइझ, टेक्श्चर आणि एचटीएमएलगेज (स्क्रीनवरचं उपकरण) अशा ओळी असतात. फक्त पिक्सेल साइझ बदला. समजा तिथे १०२४,७६८ आहे, तर १५३६,११५२ करा. साइझ एमएम आणि गेजच्या ओळीतले चार आकडे तसेच ठेवा. ते वाढवले, तर स्क्रीनची मांडणी बदलते आणि अक्षरं उलट बारीक होतात. लांबी-रुंदीचं प्रमाणही मोडू नका. दीडपट केल्यावर सव्वादोनपट पिक्सेल होतात, दुप्पट केल्यावर चौपट. दोन-तीन स्क्रीनच्या विमानात ग्राफिक्स कार्डाची मेमरी कमी असेल, तर दीडपटीवरच थांबा.

तुम्हाला फरक दिसला नाही, याचं कारण बहुधा लेआउट डॉट जेसन. पॅकेजमधल्या प्रत्येक फाइलचं नाव, आकार आणि तारीख या यादीत असते. यादीत नसलेली फाइल सिम वाचतच नाही. प्रत्येक बदलानंतर लेआउट डॉट जेसन उचलून 'एमएसएफएस लेआउट जनरेटर' या छोट्या प्रोग्रामच्या चिन्हावर सोडायची, यादी नव्याने तयार होते. शेजारी मॅनिफेस्ट डॉट जेसनही (पॅकेजची ओळख सांगणारी फाइल) लागते. ती दुसऱ्या एखाद्या मॉडची प्रत घेऊन नाव बदलली तरी चालते. मग सिम पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा.

सिमच्या मार्केटप्लेसवरच्या (अधिकृत दुकानातल्या) अनेक विमानांच्या फाइल कुलूपबंद असतात, तिथे ही युक्ती चालणार नाही. २०२४ च्या आवृत्तीत सोबत आलेली बरीच विमानं सर्व्हरवरून स्ट्रीम होतात, त्यामुळे मूळ फाइल डिस्कवर हाती लागत नाही.

प्रश्न : अपडेटनंतर दोन्ही स्क्रीन काळ्या. बॅटरी आणि एव्हिऑनिक्सचे (विमानातल्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांचे) स्विच चालू आहेत. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : कम्युनिटी फोल्डरचं नाव बदला, त्याच जागी त्याच नावाचं रिकामं फोल्डर करा आणि सिम सुरू करा. स्क्रीन उजळल्या, तर दोष एखाद्या मॉडचा. जी१०००, जी३००० या स्क्रीनचे किंवा सीजे४ विमानाचे, वर्किंग टायटल या गटाने बनवलेले जुने मॉड राहिले असतील, तर आधी ते काढा. त्यांचं काम आता मूळ सिममध्येच आलं आहे आणि जुन्या फाइल नव्यांवर बसल्या की हाच गोंधळ होतो. तरीही सापडलं नाही, तर निम्मी पॅकेज परत ठेवून पाहा, मग बिघडलेल्या निम्म्याचं पुन्हा निम्मं. सोळा पॅकेज असली तरी चार फेऱ्यांत दोषी हाती येतं. दोन मॉडमध्ये एकच पॅनेल फाइल असेल, तर एकीचीच चालते, हेही तपासा.

प्रश्न : एक्सबॉक्सवर हे करता येईल का? (एक वाचक, औरंगाबाद)

उत्तर : नाही. तिथे कम्युनिटी फोल्डर नाही, मार्केटप्लेसवर मिळेल तेवढंच.

प्रश्न : फ्लायबायवायर या गटाच्या मोफत ए३२० विमानाचा एमसीडीयू (पायलट उड्डाणाची माहिती भरतो ती कळांची स्क्रीन) फोनवर हवा आहे. ब्राउझर 'साइट सापडत नाही' म्हणतो. (एक वाचक, पुणे)

उत्तर : यासाठी फ्लायबायवायरच्याच इन्स्टॉलरमधून सिमब्रिज (सिमला फोनशी जोडणारा प्रोग्राम) बसवा आणि ते चालू आहे याची खात्री करा. फोन आणि संगणक एकाच वायफायवर हवेत. राउटरच्या 'गेस्ट' नेटवर्कवरचा फोन सहसा संगणकापर्यंत पोचत नाही. कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग चालवून आयपीव्ही४ चा पत्ता घ्या. ब्राउझरमध्ये तो पत्ता, कोलन, ८३८०, मग स्लॅश इंटरफेसेस स्लॅश एमसीडीयू असं टाका. सुरुवात एचटीटीपीने करा, एचटीटीपीएसने नाही. तरी अडलं, तर विंडोज फायरवॉलमध्ये सिमब्रिजला खासगी नेटवर्कची परवानगी द्या आणि वायफायचं प्रोफाइलही 'प्रायव्हेट' करा. विमानातल्या फ्लायपॅडच्या (कॉकपिटमधल्या टॅबलेटच्या) सेटिंगमध्ये सिमब्रिज बंद केलेलं नाही ना, तेही बघा.

फोनवर एमसीडीयू नेणं पॉप-आउट विंडोपेक्षा (स्क्रीन वेगळ्या विंडोत उघडण्यापेक्षा) आम्हाला जास्त पसंत आहे. प्रत्येक पॉप-आउट फ्रेम खातो.

प्रश्न : एफएमसीत (विमानाच्या मार्गदर्शक संगणकात) गोव्याचा मोपा विमानतळ सापडत नाही. स्क्रीनचा मॉड बदलू का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : स्क्रीनचा यात काही दोष नाही, तिला मिळणारा डेटा जुना आहे. मोपाहून प्रवासी उड्डाणं ५ जानेवारी २०२३ ला सुरू झाली. त्याआधीच्या डेटामध्ये व्हीओजीए हा त्याचा कोड नसू शकतो. नॅव्हिगेशन डेटाचं चक्र दर २८ दिवसांनी बदलतं. ए३२० मध्ये एमसीडीयूवर डेटा आणि मग ए/सी स्टेटस उघडून तारीख पाहा. जुनी असेल, तर सिमचं अपडेट घ्या किंवा नॅव्हिग्राफ या डेटा पुरवणाऱ्या कंपनीचं सशुल्क सदस्यत्व. मात्र डेटा नवा झाला तरी जमिनीवर धावपट्टी उमटेलच असं नाही. त्यासाठी मोपाचं सीनरी पॅकेज (विमानतळ जमिनीवर दाखवणारी जोड) वेगळं घ्यावं लागेल.